शेवटची तीन मिनिटं: सिनिअर बास्केटबॉलमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

सिनिअर संघात निवड होणं वेगळं आणि सिनिअर संघात खेळायला मिळणं वेगळं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी अवघड आहे. ज्युनिअर नॅशनलला जवळपास पूर्ण सामना कोर्टावर असणारा मुलगा खेळाडू कोट्यातून एखाद्या डिपार्टमेंटच्या (नोकरी देणाऱ्या खात्याच्या) टीममध्ये येतो आणि पहिल्या हंगामात बहुतेक सामने ट्रॅकसूट न काढताच संपवतो. हे आधी कुणी सांगत नाही. घरी पेढे वाटून झालेले असतात, जिल्हा संघटनेने सत्कार केलेला असतो, आणि प्रत्येक सामन्यानंतर आईचा फोन येतो, ‘‘किती पॉइंट केलेस रे?’’

त्या प्रश्नाला उत्तर देताना घशाशी काय येतं ते मी विसरलेलो नाही. आता मला नियमित मिनिटं मिळतात, तरी संघाची यादी लागायच्या दिवशी पोटात गोळा येतोच. नागपूरच्या शिवाजीनगर जिमखान्यावर, पुण्याच्या डेक्कनवर किंवा मुंबईत नागपाड्याच्या कोर्टवर घडलेली बरीच पोरं दरवर्षी याच वळणावर येतात आणि त्यातली काही दोन हंगामांत मनाने खेळ सोडतात. नोकरी राहते, खेळाडू संपतो. ते टाळता येतं, म्हणून हे लिहितोय.

आधी साधा हिशेब. सामना ४० मिनिटांचा, कोर्टावर पाच जण, म्हणजे एका संघाकडे एकूण २०० मिनिटं. बारा जणांत सारखी वाटली तर प्रत्येकाला सोळा-सतरा येतील. कुठलाही कोच तसं करत नाही. अटीतटीच्या सामन्यात पहिले पाच जण तीस-तीस मिनिटं खेळले, की दीडशे तिथेच संपली. उरलेली पन्नास पुढच्या तिघांत जातात. नवव्यापासून बाराव्यापर्यंतच्या चौघांना काहीच नाही. यात अन्याय नाही, गणित आहे. तुमची मिनिटं कुठल्या तरी शिल्लक साठ्यातून येत नाहीत. ज्याच्यावर कोचचा आधीच विश्वास आहे अशा कुणाची तरी कमी करूनच ती तुम्हाला द्यावी लागतात. त्यामुळे बेंचकडे वळून बघताना कोचच्या डोक्यात ‘हा किती चांगला खेळतो’ हा प्रश्न नसतो. ‘हा आत गेला तर काय बिघडेल’ हा असतो.

आता नवख्यांचा नेहमीचा सापळा. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझा जवळजवळ अख्खा हंगाम यात गेला, आणि दरवर्षी नवीन पोरं त्याच ठिकाणी अडकताना बघतो.

चौथा क्वार्टर, पंचवीसचा फरक, शेवटची तीन मिनिटं. सामना खिशात आहे किंवा हातातून गेला आहे. कोच तीन नावं घेतात, त्यात तुमचं असतं. तुम्हाला वाटतं, हीच माझी ट्रायल. बॉल हातात आला की पाच सेकंदांत शॉट. एक पडतो, एक रिंगला लागून बाहेर येतो, पुढचा ड्राइव्ह तिघांच्या गर्दीत. हूटर वाजतो तेव्हा तुमच्या नावावर पाच पॉइंट असतात. घरी सांगायला आकडा मिळतो, मित्र पाठ थोपटतात. आणि पुढच्या खऱ्या सामन्यात तुम्ही चाळीस मिनिटं बसून राहता. तेव्हा मनात येतं, तीन मिनिटांत पाच केले, अजून काय पाहिजे?

ती तीन मिनिटं मोजून बघा. १८० सेकंद. एका संघाकडे बॉल साधारण पंधरा सेकंद राहतो असं धरलं, तर दोन्ही संघांना मिळून बारा वेळा बॉल येतो, तुमच्या संघाला सहा वेळा. त्या सहांत तुमच्यासोबतचे चौघेही भुकेलेलेच, म्हणजे तुमच्या वाट्याला प्रामाणिकपणे एक-दोन शॉट. डिफेन्सही सहा वेळाच, पण त्यातल्या प्रत्येक वेळी तुम्ही आहात. तिथे कुणी बॉल पास करण्याची वाट बघावी लागत नाही. कोच आणि त्यांचे असिस्टंट तेच सहा डिफेन्स बघत असतात. बॉल विरुद्ध बाजूला असताना तुमचा एक पाय पेंटमध्ये (रिंगखालच्या रंगवलेल्या भागात) होता की तुम्ही आपल्या माणसाला चिकटून उभे होता? मागून स्क्रीन (आपल्या माणसाची वाट अडवायला उभा राहणारा प्रतिस्पर्धी) येत होती तेव्हा पुढच्याला ओरडून सांगितलं का? मदतीला कुणी सरकलं तर त्याची मोकळी जागा भरायला तुम्ही गेलात की हात वर करून ‘तो माझा नव्हता’ म्हणालात? शॉट सुटल्यावर बॉलकडे बघत राहिलात की आधी माणसाला पाठ लावून बॉक्स आउट केलंत? आपला शॉट चुकल्यावर मागे किती जोरात धावलात?

संपलेल्या सामन्यात कोच हे का बघतात? कारण तुम्हाला खऱ्या माणसांसमोर बघायची त्यांना दुसरी संधीच नसते. त्यांच्या मनात उद्याची सेमीफायनल असते. उद्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये मुख्य गार्डवर (बॉल पुढे नेणाऱ्या खेळाडूवर) तिसरा फाउल लागेल, पाचव्याला तो बाहेर, म्हणून त्याला चार मिनिटं बसवावं लागेल. त्या चार मिनिटांत कुणाला पाठवायचं? त्यांना तुमच्याकडून दहा पॉइंट नको असतात. संघ सहाने पुढे असताना तुम्ही आत गेलात आणि बाहेर आलात तेव्हाही सहाच होते, एवढं त्यांना हवं असतं. तुमच्या नावापुढे शून्य पॉइंट, शून्य रिबाउंड असलं तरी ती चार मिनिटं उत्तम झाली. घरच्यांना हे समजावून सांगता येत नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्हाला स्वतःला हे कळलंच पाहिजे.

आणि हे वाचून दुसऱ्या टोकाला जाऊ नका. मोकळा शॉट असेल तर घ्या, न घाबरता घ्या. जो मोकळा असूनही मारत नाही, त्याचा डिफेंडर त्याला सोडून पोस्टमधल्या (रिंगजवळच्या) आपल्या मोठ्या खेळाडूवर डबलला, म्हणजे दोघांनी मिळून अडवायला, जातो, आणि मग आपण कोर्टावर पाच असून चारच खेळतो. चुकलेल्या मोकळ्या शॉटसाठी मला कुठल्याही कोचने बाहेर काढलेलं नाही. काढलं ते मागे चालत आल्याबद्दल.

या सापळ्याचा एक भाग प्रॅक्टिसमध्ये लपलेला असतो, तो तर कुणाच्या लक्षातच येत नाही. नवीन मुलं दुसऱ्या पाचात असतात, आणि मोठ्या स्पर्धेआधी दुसऱ्या पाचाला प्रतिस्पर्ध्यांचे सेट (ठरवलेल्या चाली) चालवायला सांगतात, म्हणजे पहिल्या पाचाची तयारी होते. आठवडाभर तुम्ही समोरच्या संघासारखे खेळता. सामन्यात अचानक आत गेलात की स्वतःच्याच संघाचा सेट अडखळतो, कट उशिरा होतो, आणि टाइमआउटमध्ये ओरडा तुम्हालाच बसतो. म्हणून आपल्या संघाचा प्रत्येक सेट वहीत काढा, आणि फक्त आपल्या जागेचा नाही, शेजारच्या जागेचाही. पहिला पाच चालत असताना साइडलाइनला उभे राहून पाय हलवत तो मनात चालवा. कंटाळवाणं काम आहे, पण हाच सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

उंचीबद्दल थोडक्यात. शाळेत सव्वासहा फूट म्हणजे सेंटर, रिंगजवळचा सगळ्यात उंच खेळाडू. सिनिअरला पंजाब आणि सर्व्हिसेसचे (सैन्यदलांच्या संघाचे) सेंटर बघितले की कळतं, आपली जागा आता विंगवर (कोर्टाच्या कडेला) किंवा गार्डला. हे एकोणिसाव्या वर्षी मान्य केलं तर डाव्या हाताचा ड्रिबल आणि बाहेरचा शॉट बसवायला वेळ मिळतो. चोविसाव्या वर्षी फार उशीर झालेला असतो.

बसून राहावं लागलं म्हणजे आपण कमी आहोत, असं मात्र समजू नका. २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकी लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्सने सतनाम सिंगला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ५२ व्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मलेला, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. पुढे टेक्सस लेजंड्सकडून डेव्हलपमेंट लीगमध्ये त्याला कोर्टवर वेळ फारच थोडा मिळाला. प्रिन्सपाल सिंग २०२०-२१ मध्ये जी लीग (त्याच डेव्हलपमेंट लीगचं पुढचं नाव) इग्नाइट संघात होता. त्याच संघात जॅलन ग्रीन आणि जोनाथन कुमिंगा होते, जे २०२१ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या आणि सातव्या क्रमांकावर गेले. अशांमधून मिनिटं मिळवायची होती, आणि ती त्याला नावापुरतीच मिळाली. त्याच उन्हाळ्यात एनबीएची उन्हाळी स्पर्धा, समर लीग, जिंकणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्जच्या संघात तो होता. विशेष भृगुवंशी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड थर्टीसिक्सर्सकडे ट्रेनिंग करारावर गेला, म्हणजे रोज सरावाला उभं राहायचं, पण सामन्याची खात्री नाही. तेव्हा तो काही नवशिका नव्हता, भारतीय संघाचा भरवशाचा खेळाडू होता. २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यानंतरचा. इतक्या मोठ्या खेळाडूंनी ट्रॅकसूटमध्ये बसून काढलेले दिवस आठवले की मला आजही बरं वाटतं.

मेंटॉर कुणाला करायचं याबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. स्टार खेळाडूच्या मागे लागू नका. तो चांगला माणूस असेल, बूट देईल, जेवायला नेईल, पण तीन मिनिटांत कसं खेळायचं हे त्याला ठाऊक नसतं, कारण त्याच्यावर ती वेळ आलेली नाही. संघातला आठवा माणूस शोधा. तिशी ओलांडलेला, गुडघ्याला पट्टी बांधणारा, दर सामन्यात बारा-पंधरा मिनिटं खेळून शांतपणे परत येऊन बसणारा. आमच्या संघात असे एक दादा होते. मी बेंचवर मुद्दाम त्यांच्या शेजारी बसायचो. ते म्हणाले, ‘‘बॉल काय बघतोस? सरांचा चेहरा बघ. कशावर पडतो ते लक्षात ठेव.’’ काही सामने तेच केलं. चुकलेल्या शॉटवर सरांचा चेहरा बहुतेक हलायचाच नाही. इनबाउंडला (बॉल बाहेरून आत देताना) कुणी नुसतं उभं राहिलं, फास्टब्रेकला कुणी हात लावून उगाच फाउल केला, समोरच्या शूटरला मोकळं सोडलं, की पडायचा. मला इतकं नेमकं दुसऱ्या कुणीच शिकवलं नाही.

शॉर्टकटबद्दल आता स्पष्टच बोलतो. दोन बॉलचे ड्रिबल, जमिनीवर कोन मांडून नागमोडी धावणं, रिल्समध्ये छान दिसणारे मूव्ह यांच्यासाठी पर्सनल स्किल ट्रेनरला पगारातले पैसे देऊ नका. त्याने कुणाची मिनिटं वाढलेली मी पाहिली नाहीत. तेच पैसे चांगल्या फिजिओला द्या. वरच्या साहेबांकडून कोचला फोन करवू नका. फोनने तुम्ही बारात येता, आठात नाही, आणि मग सगळा संघ तुमच्याकडे त्याच नजरेने बघतो. आणि जिममध्ये कुणी दिलेली पावडर किंवा गोळी तोंडात टाकू नका. नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजक-विरोधी संस्थेच्या) चाचणीत काही सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. शरीरात गेलेल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी खेळाडूचीच. खेळ जाईल, आणि खेळावर मिळालेली नोकरीही अडचणीत येईल.

कोचशी बोला, पण कधी आणि काय ते सांभाळा. सामना संपल्यावर लॉकर रूममध्ये नाही. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसच्या आधी दहा मिनिटं लवकर जा. ‘‘सर, मला संधी का मिळत नाही?’’ असं विचारलंत तर ‘‘मेहनत कर’’ एवढंच उत्तर येतं. ‘‘सर, मी आत असताना तुम्हाला कशाची काळजी वाटते?’’ असं विचारा. ‘‘तू पिक अँड रोलला स्क्रीनच्या खालून जातोस, समोरचा शूटर आहे हे बघत नाहीस,’’ असं काही नेमकं (पिक अँड रोल म्हणजे स्क्रीन लावून लगेच रिंगकडे वळण्याची चाल) ऐकायला मिळालं तर राजकारण वगैरे मनातून काढून टाका; तुमच्या हातात काम आलेलं आहे. तीन आठवडे तेवढंच करा आणि परत जाऊन विचारा.

काही ठिकाणी खरोखरच अन्याय असतो, तेही लपवणार नाही. पूर्ण हंगामभर वेगवेगळ्या वेळी विचारून ‘‘बघू’’ यापलीकडे उत्तर येत नसेल, आणि तुमच्या जागेवरचा माणूस प्रॅक्टिसला न येताही खेळत असेल, तर तुमच्यात खोट शोधत बसू नका. डिपार्टमेंट बदलणं सोपं नाही. सिनियॉरिटी जाते, घर आहे, हप्ते आहेत, एनओसी मिळवावी लागते. त्यामुळे रागाच्या भरात राजीनामा लिहू नका. आधी खेळायला दुसरी जागा शोधा.

ती जागा आज थ्री बाय थ्री आहे. सिनिअर लोक याला अजून गल्लीतला खेळ समजतात, ते चूक आहे. टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार आहे. संघात चार जण, कोर्टवर तीन, बेंचवर एकच. सामना १० मिनिटांचा किंवा २१ पॉइंटचा, शॉट क्लॉक (शॉट घ्यायची मुदत) १२ सेकंदांचा. चार जणांच्या संघात कुणाला लपवता येत नाही, आणि सामना चालू असताना कोचला बाजूला बसून सूचना देता येत नाहीत, म्हणून बदल कधी करायचा तेही तुम्हीच ठरवता. स्क्रीनवर स्विच (अडवायच्या माणसांची अदलाबदल) करायचं की नाही हा निर्णय दर बारा सेकंदांनी घ्यावा लागतो. सिनिअर संघात नवा खेळाडू नेमका इथेच गोंधळतो. ऑफ सीझनमध्ये बेंचवरच्या आणखी तिघांना धरा, सगळे शूटर घेऊ नका, एक तरी रिबाउंडवाला घ्या. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या थ्री बाय थ्रीच्या साइटवर प्रत्येकाने आपलं प्रोफाइल उघडा, कारण मान्यताप्राप्त स्पर्धांचे गुण तिथे तुमच्या नावावर जमा होतात. ऑफिसमध्ये रजेचा अर्ज वेळेत द्या, खेळायला परवानगी लेखी घ्या, आणि हे सगळं करताय हे संघाच्या कोचला आधी स्वतः जाऊन सांगा, त्यांच्या कानावर दुसऱ्याकडून जाऊ देऊ नका.