नाटकाच्या तासाला बसण्याआधी एवढं करून या

मंडळी, सोमवारपासून नाटकाच्या पेपरचे तास सुरू होतायत, आत्ताच सगळं सांगून टाकते म्हणजे नंतर "मॅडम आम्हाला माहितीच नव्हतं" नको. आधी पुस्तक. मोबाइलवरची पीडीएफ चालणार नाही, छापील प्रत आणायची, अप्पा बळवंत चौकात जुनी मिळाली तर घेऊन टाका, आधीच्या कुणी समासात काही खरडलेलं असेल तर उलट मजाच, फक्त ते उचलून उत्तरात घालू नका. आणि पेन्सिल आणा, हायलायटर नको, अख्खं पान पिवळं करून ठेवता तुम्ही.

सुरुवात तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'ने, खेळ म्हणून मांडलेला खटला बेणारे नावाच्या शिक्षिकेवर उलटतो ते नाटक. पहिला अंक घरून वाचून यायचाय, आणि कंसातल्या रंगसूचना गाळायच्या नाहीत, दरवर्षी निम्मा वर्ग नुसते संवाद वाचून येतो आणि मग घोळ होतो. सुरुवातीलाच बेणारेबाईंचं बोट दाराच्या कडीत सापडतं, ते कुणी लक्षातच ठेवत नाही, आणि पुढे बाईंना तिथून निघायचं असतं तेव्हा तेच दार उघडत नाही! शेवटी बाईंना बोलायला दहा सेकंद मिळतात आणि त्या केवढं तरी बोलतात, पण तेवढा वेळ बाकीचे सगळे जागच्या जागी थिजलेले असतात, मग त्यांनी ते ऐकलं की नाही? ह्यावर वर्गात भांडण होणारच आहे, पण रंगसूचना न वाचता येणाऱ्याला भांडायची परवानगी नाही.

'घाशीराम कोतवाल' नुसतं वाचून कंटाळाल हे मला माहितीये, म्हणून त्या तासाला नाटकातल्या माणसांच्या पडद्यासारखे बाराजण पुढे रांगेत उभे करणार, पाठ फिरवली की पडदा, वळले की पुण्यातले ब्राह्मण. सॅक मागच्या बाकांवर ठेवा, मध्ये पाय अडकतात. 'नटसम्राट'चं मात्र नीट ऐका. नाटक 1970चं, सिनेमा 2016चा, आणि सिनेमातला रामभाऊ मूळ नाटकात नाहीच. उत्तरपत्रिकेत रामभाऊ आला की पुस्तक उघडलेलं नाही हे मला लगेच कळतं, पुढे काय लिहिलंय त्याला फारसा अर्थ राहत नाही.

हजेरी 75 टक्के. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी असणाऱ्यांनी आधी विभागात पत्र आणून द्या, हजेरीचं मी बघते, वाचनातून मात्र सूट नाही, आणि नाटकातलीच मुलं नाटक वाचत नाहीत हा माझा जुना राग आहे. उशिरा आलात तर अंक संपेपर्यंत बाहेर थांबा. फोन बंद. ट्युटोरियल एआयकडून लिहून आणलंत तर त्यातलं एक वाक्य काढून तोंडी विचारेन, बास.

अंतर्गत गुणांसाठी एक प्रयोग नाट्यगृहात जाऊन बघायचाय, भरत, सुदर्शन, कुठेही, मोबाइलवर बघितलेला धरणार नाही. कथानक लिहून आणू नका, एकच प्रसंग घ्या आणि कोण कुठे उभं होतं, उजेड कुणावर होता, प्रेक्षक नको तिथे हसले का एवढंच लिहा, दोन पानं पुरे.

पहिल्या तासाला मोठ्याने वाचायचंय. बेणारे वाचायला चौघीजणी तयार आहेत, वकील सुखात्मेंसाठीही रांग लागलीये, सामंत मात्र कुणालाच नकोय. खिशातल्या कादंबरीतून साक्ष वाचणारा तो भाबडा माणूस, नाटकातला सगळ्यात अवघड रोल आहे तो, ज्याला हवाय त्याने रविवारपर्यंत सांगा.