केस स्टडी शिकवताना या चुका टाळा : शेवट आधी सांगू नका

बी.कॉम.च्या वर्गात घरपोच जेवण देणाऱ्या झोमॅटोने झटपट किराणा पोहोचवणारी ब्लिंकिट विकत घेतल्याची केस, म्हणजे चर्चेसाठी घेतलेला धंद्यातला खरा प्रसंग, पहिल्यांदा घेतली, तेव्हा मी विचारलं, "निर्णय बरोबर होता का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हो सर." का? तर ब्लिंकिट आता जोरात चाललंय म्हणून. पाच मिनिटांत चर्चा संपली. उत्तर ठाऊक असताना मुलं डोकं कशाला चालवतील?

आपली सगळ्यात मोठी चूक हीच. घडामोड ताजी निवडतो आणि तिचा शेवट आधीच सांगून टाकतो. पुढच्या वर्षी मी केस २४ जून २०२२ या तारखेला थांबवली. त्या दिवशी सुमारे ४,४४७ कोटींचा, शेअर्सच्या बदल्यात होणारा हा व्यवहार जाहीर झाला. आदल्या वर्षी बाजारात येताना ७६ रुपयांना विकलेला झोमॅटोचा शेअर तेव्हा त्या किमतीच्याही खाली होता आणि दोन्ही कंपन्या तोट्यात होत्या. मुलांना एवढंच म्हटलं, "तुम्ही भागधारक आहात. मत द्या आणि कारण लिहा." वर्ग सरळ दोन गटांत विभागला. दुसऱ्या तासाला सांगितलं की महिनाभरात शेअर पन्नासच्या खाली गेला. विरोधातली मुलं खूश झाली. मग पुढची वाढ सांगितली. आता दोन्ही गटांना आपापलं कारण पुन्हा तपासावं लागलं. चांगला निर्णय आणि चांगला निकाल यांतला फरक मला वेगळा समजावून सांगावाच लागला नाही.

दुसरी चूक म्हणजे पेपरचं कात्रण वाचून दाखवायचं आणि त्यालाच केस म्हणायचं. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने कच्च्या सोयाबीन तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, ही झाली बातमी. लातूरच्या तेलगिरणीवाल्याने आजच सोयाबीन भरून ठेवायचं की दिवाळीनंतरच्या आवकेची वाट पाहायची, ही केस. तिच्यात निर्णय घेणारा माणूस आहे, मुदत आहे, दोन वाटा आहेत. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला दर त्याच्या खाली. ही केस घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी औशाकडून एसटीने येणाऱ्या एका मुलीने घरची आडतीची पट्टी, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याने दिलेला हिशोब, आणली. वजन, भाव, त्यातून हमाली आणि तोलाई वजा. ती पट्टी फळ्यावर जशीच्या तशी उतरवली. ती म्हणाली, "सर, माल थांबवला तर खत-बियाण्याची उधारी कशातून फेडायची?" खेळत्या भांडवलाचा, म्हणजे रोजच्या व्यवहाराला लागणाऱ्या पैशाचा धडा मी त्या प्रश्नापासूनच सुरू केला. आपल्या भागातल्या मुलांकडे असे आकडे घरातच असतात, आपण विचारत नाही.

एकदा काढलेली झेरॉक्स वर्षानुवर्षं वापरू नका. कच्च्या सोयाबीन तेलावरचं हेच मूळ आयात शुल्क मे २०२५च्या अखेरीस १० टक्क्यांवर आलं. तोच गिरणीवाला, तोच गोदामातला माल, पण हिशोब पार बदलला. मीही ती केस नव्याने लिहिली.

कोर्टात गेलेल्या प्रकरणांत विशेष जपून राहा. मॅगीवर जून २०१५मध्ये देशभर बंदी आली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. जूनमध्ये ज्यांनी कंपनी दोषी आहे असं शिकवलं, त्यांची ऑगस्टमध्ये अडचण झाली असणार. आरोप, आदेश आणि निकाल हे तीन शब्द फळ्यावर वेगवेगळे लिहा.

वीस पानांची इंग्रजी पीडीएफ ग्रुपवर टाकली तर कोणी उघडत नाही. एक पान, मराठीत, एकच तक्ता पुरे.

वर्ग गप्प बसला तर? आपल्याला ती शांतता सहन होत नाही आणि आपणच उत्तर देऊन बसतो. आधी तीन मिनिटं वहीत लिहायला लावा. तरीही कोणी बोललं नाही तर बाकांना भूमिका वाटून द्या : हा बाक शेतकरी, तो गिरणीवाला, पलीकडचा तेल आयात करणारा. मुलं स्वतःचं मत मांडायला लाजतात, पण गिरणीवाल्याची बाजू घेऊन कडाकडा भांडतात.

आणि "सर, हे परीक्षेत येतं का?" हा प्रश्न येणारच. त्यावर रागावू नका, त्यांचं म्हणणं रास्त आहे. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा, त्याच केसवर पाच गुणांचं उत्तर लिहून घ्या आणि पाठ्यपुस्तकातली कोणती संकल्पना वापरली ते समासात लिहायला सांगा.