२४०झेड बघायला जाताना: कारखान्याचं काय, डीलरचं काय

जुनी डॅटसन २४०झेड, म्हणजे १९७०च्या आसपासची दोन सीटची जपानी स्पोर्ट्स कार, बघायला जाताना माझ्या पिशवीत चार वस्तू असतात: टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, बारा मिलिमीटरचा पाना आणि अर्ध्या इंचाचा पाना. दोन्ही पान्यांत एक मिलिमीटरचाही फरक नाही. पण विकणारा ज्या वस्तूला 'ओरिजिनल' म्हणतो ती जपानमध्ये हिरात्सुकाच्या कारखान्यात बसली, की अमेरिकेतल्या एखाद्या डीलरच्या मागच्या शेडमध्ये, हे बऱ्याचदा तेवढ्याच फरकावरून कळतं.

मी मूळची सांगलीची. आबांचं छोटं गॅरेज होतं. कुठलीही गाडी आली की ते आधी तिच्याखाली जायचे, सीटवर नंतर बसायचे. आता मी सॅन होजेत असते आणि १९७१ची केशरी २४०झेड चालवते. ती घेताना मालकानं 'फॅक्टरी एसी आहे' असं सांगून दीड हजार डॉलर जास्त लावले. मी दिले. महिन्याभरानं डॅशबोर्डखाली आडवी पडून बघितलं, तर एसीचं धूड पत्र्यात आटे पाडत जाणाऱ्या साध्या स्क्रूंवर लटकत होतं. आबांची सवय त्याच दिवशी आठवायला हवी होती. नव्यानं ही गाडी शोधणाऱ्या मराठी मंडळींसाठी म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी मागची गोष्ट. अमेरिकेत ही गाडी ३,५२६ डॉलरला आली. त्या पैशात २.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन कार्बोरेटर आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. मागणी इतकी, की गाड्या पुरेनात. छापील किमतीवर कमवायला जागा कमी, मग बरेच डीलर गाडीला अलॉय चाकं, बाजूच्या पट्ट्या, सामानाचा कॅरियर, छताला व्हिनाइल, गंजरोधक लेप असं काहीबाही लावूनच गिऱ्हाइकाच्या हाती देत. आपल्याकडे शोरूममध्ये सीट कव्हर आणि मडफ्लॅप गळ्यात मारतात, त्याच जातीचा प्रकार. एसी मात्र खरी गरज होती. टेक्सास, ॲरिझोनाच्या उन्हात काळ्या सीटवर कोण बसणार? तोही डीलरकडेच बसायचा.

जपानमध्ये हा भेद रोजच्या बोलण्यातच आहे. 'मेकर ऑप्शन' म्हणजे गाडी बनण्याआधी मागवायचं ते, 'डीलर ऑप्शन' म्हणजे बनल्यावर लावायचं ते. निर्यातीच्या गाड्यांना मधला आणखी एक प्रकार असू शकतो: जहाजातून उतरल्यावर बंदरावर बसवलेलं. विकणारे या तिघांनाही सरसकट 'फॅक्टरी' म्हणतात.

आता गाडीपाशी चला. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. ते वहीत लिहून घ्या, पुढची सगळी तपासणी त्याच्याशी ताडायची आहे. सीटबेल्टच्या शिवणीत तारखेचं लेबल असतं. स्टीलच्या मूळ चाकांवर आतल्या बाजूला तारखेचा ठसा असतो; स्पेअर चाक विसरू नका, तेच बहुधा अस्पर्श राहिलेलं असतं. सुट्या भागाची तारीख गाडीच्या एक-दोन महिने आधीची असेल तर तो कारखान्यातूनच आला असं मी धरते. गाडीनंतरची असेल तर तो नंतर बदलला, यात वाद नाही.

मग चेसिस नंबर. काचेतून दिसणारी डॅशबोर्डवरची पट्टी आणि बोनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) ठोकलेला नंबर जुळवा. बोनेटखालच्या प्लेटवर इंजिनचा नंबरही असतो, तो ब्लॉकवरच्या नंबराशी जुळवा. अमेरिकेच्या गाडीचा नंबर एचएलएस३० या अक्षरांनी सुरू होतो. त्यातला 'एल' म्हणजे डावं स्टीअरिंग. लांब नाकाची गाडी दिसली की लोक हरखतात, तिथे याच अक्षरांचा उपयोग. ते नाक आणि रिव्हेट मारलेल्या मडगार्डपट्ट्या कारखान्यातून आल्या त्या २४०झेडजीला, आणि ती १९७१च्या शेवटी जपानमध्ये निघालेली उजव्या स्टीअरिंगची गाडी. एचएलएस३० नंबरावर तसं नाक असेल तर ते नंतर लावलेलं. सुंदर दिसतं, मलाही आवडतं, पण झेडजीची किंमत मोजू नका.

गिअरचंही तसंच. अमेरिकेच्या २४०झेडला चार गिअर होते, किंवा तीन गिअरचा ऑटोमॅटिक. पाचवा गिअर सापडला तर तो बहुतेक नंतरच्या २८०झेड किंवा २८०झेडएक्समधून आणलेला. महामार्गावर तो फार सुखाचा आहे, फक्त त्याला मूळचा म्हणू नये.

आता खरं काम: स्क्रू, वायरी आणि भोकं. इथे घाई करू नका, मी अर्धा तास देते.

जपानी क्रॉस स्क्रू आणि अमेरिकी फिलिप्स स्क्रू वरवर सारखेच दिसतात. पण जपानी मानकाच्या स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक टिंब असतं. टॉर्च तिरकी धरली की ते चमकतं. एखादी वस्तू टिंबवाल्या स्क्रूंनी, कारखान्यानंच वेल्ड केलेल्या नटमध्ये बसली असेल तर ती तिथलीच असण्याची शक्यता दाट. बोल्टला बारा मिलिमीटरचा पाना चपखल बसला तर तो मेट्रिक. तो चढलाच नाही आणि अर्ध्या इंचाचा घट्ट बसला, तर ते किट अमेरिकेत बनलेलं. माझ्या एसीच्या कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट इंचाच्या बोल्टवर होता. आबांच्या टूलबॉक्समध्ये दोन्ही मापांचे पाने वेगवेगळ्या कप्प्यांत असायचे आणि कप्पे बदलले की बोलणी बसायची, त्याचं कारण मला इतक्या वर्षांनी, इतक्या लांब कळलं.

वायरी बघताना कारखान्याचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, डोळ्यांत भरून ठेवा: काळ्या टेपची सलग गुंडाळी, रंगावर दुसऱ्या रंगाची रेघ, गोल बुलेट जोड. त्यातून मध्येच एकरंगी वायर बाहेर पडली असेल आणि मूळ वायरीला चिमटा मारणारी प्लॅस्टिकची क्लिप दिसली, तर तिथे कुणीतरी नंतर हात घातलाय. डीलर असेल, किंवा पन्नास वर्षांतला कुठलाही मालक. क्लिप कुणाचीही असो, ती काढून जोड नीट सोल्डर करा. गाडी वाटेत अचानक बंद पडायला असा एक सैल जोड पुरतो.

भोकाची कड सगळ्यात जास्त सांगते. कारखान्यात भोक आधी, रंग नंतर. म्हणून कडेवर प्रायमर आणि रंग असतो. डीलरनं ड्रिल मारलं ते रंगावर, त्यामुळे कड उघडी राहते आणि तिथून गंज धरतो. डिकीवरचा स्पॉयलर किंवा कॅरियर बघताना दार उघडून आतून भोकं बघा. दारांच्या आणि उंबऱ्यांच्या कडांना प्लॅस्टिकची गोल बुचं दिसली तर ती गंजरोधक लेप आत फवारायला पाडलेली भोकं. लेप जाड बसून पाण्याच्या वाटा बुजल्या असतील तर पत्रा आतून सडतो, म्हणून बुचं दिसली की खालची कड चुंबकानं इंचाइंचानं तपासा. चुंबक चिकटलं नाही की तिथे पुट्टी.

कागद सापडले तर सोनंच. १९५८च्या कायद्यानुसार अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर उत्पादकाची किंमतपट्टी लावावी लागते. तिच्यावर कारखान्यानं बसवलेल्या जादा वस्तू आणि त्यांच्या किमती असतात. डीलरनं चढवलेलं सहसा वेगळ्या पट्टीवर किंवा बिलावर येतं. ग्लोव्हबॉक्सच्या मागे, सीटमागच्या हत्यारांच्या कप्प्यात, गालिच्याखाली हात घालून बघाच. आधीच्या मालकाच्या घरी फाइल आहे का, हे दोनदा विचारा. पहिल्यांदा सगळे नाही म्हणतात.

डीलरचं सापडलं म्हणून उपटून टाकायची घाई करू नका. १९७१च्या बिलावर ज्याची नोंद आहे तो त्या गाडीच्या आयुष्याचाच भाग आहे, आणि मला तो कारखान्याच्या भागाइतकाच जपावासा वाटतो. पीटर ब्रॉक यांच्या बीआरई या रेसिंग संघाच्या २४०झेडनं, चालक जॉन मॉर्टन यांच्या हाती, १९७० आणि १९७१ साली एससीसीए या अमेरिकी स्पोर्ट्स कार क्लबच्या शर्यतींत सी-प्रॉडक्शन गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या गाड्यांसारखा एअर डॅम (पुढच्या बंपरखालचा हवा अडवणारा पट्टा) तेव्हा कुणी डीलरकडून लावून घेतला असेल, तर तो काढणं मला पटणार नाही. बाजूच्या पट्ट्यांबद्दल मात्र माझं मत उलटं आहे. त्यांच्यामागे पाणी साठतं. पट्टी काढा, भोकं वेल्ड करून बुजवा, आणि पट्टी लेबल लावून माळ्यावर ठेवा.

माझा एसी मी काढला नाही. वायरिंग नवं केलं, स्क्रूंच्या जागी नीट ब्रॅकेट लावले आणि वहीत लिहिलं: 'एसी, डीलरनं बसवलेला, बिल नाही.' गाडी कधी विकली तर ती वही किल्लीबरोबर जाईल.

शेवटी एक राहिलं. सौदा करण्याआधी बॅटरी उचलायला लावा आणि तिच्याखालचा पत्रा बघा. ॲसिडनं तिथला पत्रा खाल्लेला असला तर आधी डेंटरकडून खर्चाचा आकडा घ्या, मगच किमतीवर बोला.