क्ले नेमबाजीसाठी पहिली शॉटगन कशी निवडावी

क्ले नेमबाजी म्हणजे हवेत उडवलेली थाळी शॉटगनच्या छर्ऱ्यांनी फोडायचा खेळ. त्यासाठी शॉटगन घ्यायची म्हटली की नवखा माणूस आधी कंपनी विचारतो, मग किंमत. आपला डोळा, गाल आणि खांदा त्याला सगळ्यात शेवटी आठवतात. खरं तर क्रम उलटा हवा. शॉटगनच्या नळीच्या टोकाला एक बारीकसा मणी असतो, बस्स. रायफलसारखी मागची साइट नसते; ते काम तुमचा डोळा करतो. गाल दस्त्यावर जरा वर-खाली टेकला, तरी छर्रे थाळीच्या डोक्यावरून किंवा पोटाखालून निघून जातात.

आधी क्लब, मग परवाना

भारतात परवान्याशिवाय शॉटगन घेता येत नाही आणि वय किमान 21 हवं. पुण्या-मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तालयात करायचा, आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. परवाना हातात यायला वेळ लागतो. तोवर राज्य संघटनेशी संलग्न क्लबमध्ये, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली क्लबच्याच बंदुकीने शिका. फक्त एक चौकशी आधी करून ठेवा: सराव कुठे करणार? एअर रायफलच्या रेंज बऱ्याच शहरांत आहेत, पण क्लेला मोठं मोकळं मैदान लागतं. दिल्लीची डॉ. कर्णीसिंह रेंज 1982च्या आशियाई खेळांसाठी उभी राहिली. तसल्या सोयी मोजक्याच ठिकाणी आहेत.

ट्रॅप की स्कीट?

राज्यवर्धन सिंह राठोड यांनी 2004 साली अथेन्सला ज्या डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं, तो प्रकार 2016नंतर ऑलिम्पिकमधून गेला. उरले ट्रॅप आणि स्कीट, आणि दोघांच्या बंदुका वेगळ्या.

ट्रॅपमध्ये थाळी समोरच्या खंदकातून निघून तुमच्यापासून दूर पळते आणि बंदूक आधीच खांद्याला लावलेली असते. इथे 30 किंवा 32 इंची नळी आणि घट्ट चोक हवा. स्कीटमध्ये थाळ्या दोन बाजूंच्या घरांतून आडव्या येतात आणि थाळी दिसेपर्यंत दस्ता कमरेशी ठेवावा लागतो. तिथे चटकन फिरणारी 28 किंवा 30 इंची नळी आणि मोकळा चोक बरा. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेली निमुळती जागा. फुल चोकमध्ये ती साधारण 1 मिलिमीटरने अरुंद होते, स्कीटच्या चोकमध्ये जेमतेम दहाव्या भागाइतकी. एवढ्याशा फरकाने छर्रे किती पसरतात ते ठरतं. अजून मन ठरलं नसेल तर चोक बदलता येणारी 30 इंची बंदूक घ्या.

बांधणी

बोअर (नळीच्या रुंदीचं माप; आकडा लहान तितकी नळी रुंद) 12, नळ्या दोन, एकावर एक. कोकणात डुकरं-माकडांपासून पीक राखायला ठेवलेली काकांची जुनी डबल बॅरल रेंजवर न्यायचा मोह टाळा. ती बहुधा हलकी असते आणि दिवसभराच्या सरावात खांदा सोलून काढते. पंप-अ‍ॅक्शन, म्हणजे दर बारानंतर पुढची मूठ मागे-पुढे ओढायची बंदूक, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चालतच नाही. पुढचं काडतूस आपोआप भरणारी सेमी-ऑटोमॅटिक चालते, पण तिला नळी एकच, म्हणजे चोकही एकच. शिवाय ती रिकामी आहे की नाही हे लांबून कळत नाही. वर-खाली नळ्यांची बंदूक मोडून, म्हणजे मधल्या बिजागरीवर उघडून, हातावर घेतली की ती रिकामी असल्याचं अख्ख्या रेंजला दिसतं.

वजन साडेतीन किलोच्या आसपास असू द्या. सडपातळ माणसाला दुकानदार हलकी 20 बोअर सुचवतात. सल्ला प्रेमाचा असला तरी चुकीचा. स्पर्धेच्या 24 ग्रॅमच्या काडतुसाचा धक्का जड बंदूक पचवते, हलकी तो तुमच्या खांद्यावर टाकते.

माप

इथे घाई नको. आधी प्रबळ डोळा ओळखा. दोन्ही हात लांब करून पंजांच्या बेचक्यात छोटी फट ठेवा, त्यातून लांबची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू फटीतच दिसते, तो प्रबळ. उजव्या खांद्याचा माणूस डाव्या डोळ्याचा निघाला तर आताच प्रशिक्षकाशी बोला. अगदी नवख्याने सरळ डाव्या खांद्यावरून शिकणं मला जास्त पटतं.

मग बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं स्वतः बघा. नळ्या सुरक्षित दिशेला ठेवून डोळे मिटा, बंदूक सहज खांद्याला आणि गालाला लावा, मग डोळे उघडा. मान न हलवता नळीवरची पट्टी सरळ पुढे जाताना दिसली आणि मणी तिच्या मधोमध आला, तर उंची बरोबर. नुसता मागचा लोखंडी भाग दिसला तर दस्ता खाली आहे. पट्टी रस्त्यासारखी लांबवर पसरलेली दिसली तर जास्त वर. अंगठ्याच्या मुळापासून नाकापर्यंत दोन बोटं अंतर राहिलं की लांबीही जमली. हे पाच-सहा वेळा करा. बंदूक दर वेळी वेगळ्या जागी बसत असेल तर ती उधारीच्या सदऱ्यासारखी आहे, कंपनी कितीही मोठी असो.

नावंच हवी असतील तर बेरेटाची 686, ब्राउनिंगची 525 किंवा जपानी मिरोकू. महागडी इटालियन पेराझी पुढे कधीतरी.

जुनी घेताना

जुनी चांगली बंदूक नव्या स्वस्त बंदुकीपेक्षा बरी. नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरा. आत खड्डा किंवा पोचा असेल तर त्याची सावली दिसते. मग नळ्या त्यांच्या खालच्या आकड्याने एका बोटावर लटकवून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर पट्टीचं डाखकाम शाबूत. बद्द आवाज आला तर परत द्या. बंदूक मिटल्यावर ती उघडायची वरची कळ मध्यापासून किंचित उजवीकडे थांबायला हवी. मध्य ओलांडून डावीकडे गेली असेल तर कुलूप झिजलंय. डमी काडतुसं घालून चाप तपासताना दुसरी नळी वाजली नाही तर लगेच नाक मुरडू नका: बऱ्याच बंदुकांचा चाप धक्क्यावर चालतो, तेव्हा दस्त्याला तळहाताने थोपटून पुन्हा दाबा.

बंदूक घरी आली की रेंजवर प्रशिक्षकासमोर 15 मीटरवर मोठा कागद लावा, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवा आणि पाच काडतुसं झाडा. स्कीटसाठी छर्रे ठिपक्याच्या वर-खाली निम्मे-निम्मे हवेत. ट्रॅपची थाळी चढत असते, म्हणून तिथे वर थोडे जास्त. ते सतत एकाच बाजूला पडत असतील तर नळीला हात लावू नका, दस्ता बंदूक कारागिराकडे न्या.