रिकामे बाक, लाल खडू: नववीला शिकागो कसं शिकवावं

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा हक्कांचा लढा शिकवायचा म्हटलं की आपण रोझा पार्क्स यांनी सोडायला नकार दिलेल्या बसमधल्या जागेपासून सुरुवात करतो. मी शिकागोपासून करते. दक्षिणेत ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशा पाट्या होत्या. उत्तरेतल्या शिकागोत तोच भेदभाव बँकेच्या कागदांत आणि शाळांच्या हद्दींत होता. पाटी नसलेला अन्याय ओळखता येणं सोलापूरच्या पोरांना जास्त गरजेचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या तासाला बाक हलवा. वर्गाच्या मधोमध खडूनं रेघ ओढा. एका बाजूला एकेका बाकावर चौघं-चौघं बसवा, दुसरीकडचे बरेच बाक रिकामे ठेवा आणि दहा मिनिटं शुद्धलेखन घाला. कोपराला कोपर लागतं, वही मावत नाही, कुरबुर सुरू होते. मग विचारा, काय करायचं? “तिकडं जाऊन बसू की!” असं कुणीतरी म्हणतंच. आता सांगा: शिकागोत काळ्या मुलांच्या कितीतरी शाळा इतक्या भरल्या होत्या की दोन पाळ्यांत चालवाव्या लागत (सकाळ-दुपारची शाळा आपल्या पोरांना समजावून सांगावी लागत नाही), आणि गोऱ्या वस्त्यांमधल्या शाळांत वर्ग रिकामे होते. शाळांचे अधीक्षक बेंजामिन विलिस यांनी मुलांना तिकडं पाठवायचं सोडून आवारात फिरत्या खोल्या आणून उभ्या केल्या. लोक त्यांना ‘विलिस वॅगन’ म्हणू लागले. याच्या निषेधात २२ ऑक्टोबर १९६३ ला दोन लाखांहून जास्त मुलं शाळेत गेलीच नाहीत. त्यांच्यासाठी चर्चमध्ये स्वातंत्र्यशाळा भरल्या. आपल्याएवढ्या मुलांनी हे केलं, हे कळल्यावर शेवटचा बाकही मान वर करतो.

“पण काळे एकाच भागात का राहायचे?” हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या. तो आला की दुसऱ्या तासाला हिरवा, निळा, पिवळा, लाल असे चार खडू काढा. १९३० च्या दशकात एका सरकारी संस्थेनं अमेरिकी शहरांचे नकाशे याच रंगांत रंगवले. लाल म्हणजे कर्ज द्यायला धोक्याचं, आणि काळ्यांच्या वस्त्या बहुतेक लालच. बँक दारात उभी करेना, म्हणून घर हप्त्याच्या करारावर घ्यायचं. हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसेही गेले. ज्यांच्या घरी आई विड्या वळून हप्ते फेडते, ती मुलं इथं फार नेमकं बोलतात. घाई करू नका.

मात्र “तुझ्या गल्लीत कोण राहतं?” असं कुणालाही विचारू नका. जात वर्गात उघडी पाडायचा आपल्याला हक्क नाही. मुलांनी सोलापूरचं विचारलं तर सेटलमेंटचं, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथं सक्तीनं ठेवलं त्या वसाहतीचं, तारेचं कुंपण आणि तिथली हजेरी सांगा. ती सक्ती गुन्हेगार जमाती कायद्यानं उघडपणे केली होती, आणि तो १९५२ ला रद्द झाला. शिकागोशी तुलना करताना हा फरक आवर्जून दाखवा.

मार्टिन ल्यूथर किंग शेवटी आणा, नाहीतर सगळा धडा त्यांचाच होतो. जानेवारी १९६६ मध्ये ते शिकागोच्या लॉनडेल वस्तीत राहायला आले. ५ ऑगस्टला घरांतल्या भेदभावाविरुद्ध मार्केट (Marquette) पार्क भागात काढलेल्या मोर्चात त्यांना दगड लागला. महिनाअखेर शहराच्या कारभाऱ्यांशी समझोता झाला, पण अंमल तोकडा पडला. घरांतल्या भेदभावाविरुद्धचा केंद्रीय कायदा १९६८ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर आठवड्यानं झाला.

गृहपाठ म्हणून १९६३ मधल्या एका आईचं शाळा मंडळाला पत्र लिहायला द्या. गुण देताना भाषा नंतर बघा. तिनं नेमकं काय मागितलं आणि कुणाकडं मागितलं, हे आधी तपासा.