डायपोलचे इन्सुलेटर: दुरुस्ती आणि मजबुती

ट्रान्समीटर बंद, कोॲक्स (ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत जाणारी केबल) काढलेली, जवळपास विजेची तार नाही ना याची खात्री केलेली. मगच डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना, उतरवा.

मी आधी टोकांचे इन्सुलेटर बघतो, म्हणजे तार आणि दोरी यांच्यामधले वीज न वाहणारे तुकडे. हाफ-वेव्ह (अर्ध्या तरंगलांबीच्या) डायपोलमध्ये करंट मध्यभागी जास्त, व्होल्टेज टोकांना. 100 वॉटलाही तिथं काहीशे व्होल्ट सहज असतात. म्हणून काजळी, मीठ, पक्ष्यांची घाण आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढा. चिनीमातीला आरपार तडा असेल तर इपॉक्सीच्या नादी लागू नका, तुकडा बदला. अंड्याच्या आकाराचा इन्सुलेटर मला सर्वांत भरवशाचा वाटतो. त्यात तार आणि दोरी यांचे फास एकमेकांत अडकलेले असतात, चिनीमातीवर ताण येत नाही, दाब येतो, आणि तो फुटला तरी अँटेना कोसळत नाही.

घरी बनवायचा तर काळी पॉलिइथिलीनची पट्टी घ्या. नायलॉन पाणी शोषतो, पांढरं प्लास्टिक बहुधा उन्हात ठिसूळ होतं. 10 मिमी जाड, 12 सेंमी लांब पुरे. भोकं कडेपासून दोनेक सेंमी आत पाडा आणि त्यांच्या धारा मोठ्या ड्रिलनं गोल करा. तार तुटते ती बहुतेकदा तिथंच घासून.

मधल्या इन्सुलेटरवर कोॲक्सचं वजन डाखावर कधीच येऊ देऊ नका. पट्टीत जास्तीची दोन भोकं पाडून केबल त्यांतून वळवा, काळ्या केबल-टायनं आवळा. उघडं टोक स्वतःलाच चिकटणाऱ्या रबरी टेपनं ताणून गुंडाळा. एकदा पाणी केबलच्या आतल्या धातूच्या जाळीत शिरलं की ती केबल गेलीच म्हणायची.