पित्ताशय आकसलेलं दिसलं? रिपोर्ट लिहिण्याआधी या चुका टाळा

‘गॉलब्लॅडर कॉन्ट्रॅक्टेड’ एवढे दोन शब्द लिहून पुढच्या पेशंटला आत बोलावणारे सोनोग्राफीचे रिपोर्ट आठवड्यातून चार तरी माझ्या टेबलावर येतात. ते वाचून सर्जनने काय करायचं? आकसलंय हे दिसतंच आहे. का आकसलंय ते सांगा, किंवा सांगता येत नाही असं तरी स्पष्ट लिहा.

हे मी शहाणपणाने नाही, तोंड पोळल्यावर बोलतेय. नवीन होते तेव्हाची गोष्ट. म्हापशात शुक्रवार, बाजाराचा दिवस. पेडण्याहून पहिल्या कदंबा बसने आलेली एक बाई अकराच्या सुमाराला सोनोग्राफीला आली. उजव्या बरगडीखाली चार दिवस दुखत होतं. ‘उपाशी आहात ना?’ मी विचारलं. तिने मान डोलावली. पित्ताशय जेमतेम तीन सेंटिमीटर लांब, भिंत पाच मिलिमीटर. मी ऐटीत ‘पित्ताशयाचा जुना दाह’ असं लिहून मोकळी झाले. ऑपरेशनची तारीखही ठरली. नशीब की आमच्या वरिष्ठांना फिल्म पटली नाही. मंगळवारी सकाळी आठला तिला परत बोलावलं, तर तेच पित्ताशय आठ सेंटिमीटर, भिंत दोन मिलिमीटर, आत स्वच्छ काळं पित्त. आणि ब्लाउजच्या खाली, दुखत होतं तिथेच, नागिणीचे फोड उठले होते.

‘त्या दिवशी काय खाल्लं होतं?’

‘कांयच खावंक ना, दोतोर. बाजारांत फकत च्या आनी उंडो.’

ती खोटं बोलत नव्हती. आपल्याकडे खाणं म्हणजे शीत-कढी. चहा-पाव हे खाणं नव्हेच. प्रश्नच माझा चुकला होता. तेव्हापासून मी ‘उपाशी का?’ विचारत नाही. ‘सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय गेलं? चहा कितीला? दुधाचा की कोरा?’ असं विचारते. दुधातली साय, पातळभाजीतलं तेल-खोबरं लहान आतड्यात उतरलं की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं आणि पित्ताशय आपलं काम चोख करतं, म्हणजे आकसतं. तास-पाऊण तासात ते चांगलंच रिकामं झालेलं असतं. फुगा सोडला की रबर जाड होतं तशी भिंतही जाड दिसते. भिंतीच्या जाडीची तीन मिलिमीटरची मर्यादा भरलेल्या पित्ताशयासाठी आहे, हे नवीन मुलं का विसरतात कोण जाणे. माझा नियम सरळ आहे: शेवटचं खाणं कितीला झालं ते रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लिहायचं. सहा तास झाले नसतील तर भिंतीबद्दल निकाल द्यायचा नाही, उद्या सकाळी बोलवायचं. बसभाडं वाया गेलं म्हणून पेशंट करवादतो, करवादू दे. फक्त ताप, कावीळ किंवा असह्य कळ घेऊन आलेल्याला उपाशीपोटाची वाट बघायला लावू नका. तो जेवून आला असला तरी पोटावर प्रोब ठेवून तपासाच.

दुसरी चूक याच्या अगदी उलट, आणि मला ती जास्त धोक्याची वाटते. खड्यांनी गच्च भरलेलं पित्ताशय ‘गॅसमुळे दिसत नाही’ म्हणून सोडून देणं. पित्ताला जागाच उरलेली नसते, त्यामुळे ओळखीची काळी पिशवी दिसत नाही. दिसते एक चमकदार कमान आणि खाली काळोख. शेजारी ड्युओडेनममधला, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला, गॅसही असाच चमकतो. घाईत दोन्ही सारखेच. म्हणून थांबा. भिंतीची एक पांढरी रेघ, तिच्याखाली पित्ताची बारीक काळी रेघ, मग खड्यांची पांढरी कमान, असा थर लागला आणि खालची सावली स्वच्छ काळी असली तर ते खडे. गॅसची सावली राखाडी, मळकट असते आणि मिनिटभर बघत राहिलं की आतडं हलतं. फक्त एकच जाड पांढरी कमान दिसली तर भिंतीतच कॅल्शियम साठलंय का, याचा विचार करून सीटी सुचवा. जागा सापडत नसेल तर उजव्या पोर्टल व्हेनपासून (यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या उजव्या फांदीपासून) निघणारी यकृतातली पांढरी रेघ धरून खाली या. ती पित्ताशयाच्या खोबणीतच आणून सोडते. आणि पेशंटला डाव्या कुशीवर वळवा हो! पाठीवर झोपवून दोन मिनिटांत पोट आटोपणाऱ्यांना हे सांगून माझा घसा बसला.

पोटावरचे व्रण आधी बघा. बेंबीतला दुर्बिणीचा व्रण जेलखाली हरवतो आणि काढून टाकलेलं पित्ताशय ‘आकसलेलं’ म्हणून रिपोर्टात येतं. हसू नका, झालंय.

पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट येतात. भिंत सुजलेली, भोवती थोडं पाणी. प्लेटलेट बघितल्याशिवाय सर्जनला फोन करू नका. विषाणूजन्य काविळीतही यकृत पित्त कमी बनवतं, पित्ताशय रिकामं आणि भिंत जाड दिसते. रक्तातलं एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम, हजारात गेलेलं असताना पित्ताशयाला दोष कसला देता?

काविळीत यकृतातल्या नळ्या फुगलेल्या आणि पित्ताशय मात्र रिकामं, असं दिसलं तर अडथळा सिस्टिक डक्टच्या (पित्ताशयाच्या नळीच्या) वर, यकृताच्या दाराशी शोधा. अशा वेळी ‘आकसलेलं’ लिहून थांबणं म्हणजे गाठ सोडून देणं. नळ्या आणि पित्ताशय दोन्ही फुगलेली असतील तर अडथळा खाली. भिंत एकाच बाजूला जाड, ओबडधोबड, यकृतात घुसल्यासारखी वाटली तर मी स्वतःवरही विश्वास ठेवत नाही, सीटीच करायला लावते.

तान्ह्या बाळाचं सांगायचं राहिलं. दोन आठवडे उलटूनही कावीळ आहे, शी पांढुरकी आहे, चार तास दूध न देताही पित्ताशय नुसतं सुरकुतल्या रेघेसारखं दिसतंय, तर ‘नुकतंच पाजलं असेल’ म्हणून आईला घरी धाडू नका. पित्तनलिकाच नीट तयार नसतील तर यकृताला थेट आतडं जोडण्याचं कासाई ऑपरेशन बाळ साठ दिवसांचं होण्याच्या आत झालेलं बरं. आठवड्याने दाखवायला या, असं मी म्हणत नाही. त्याच दिवशी चिठ्ठी लिहून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवते, आणि आई गाडीत बसेपर्यंत तिथल्या बालशल्य विभागाला फोन केलेला असतो.